साडेबाराशे किलोमीटर लांबचं वळण

कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक माझ्या मुलुंडच्या घरापासून साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास पडतो. चेन्नईच्या बाहेर इरुंगट्टुकोट्टईला 1990मध्ये सुरू झालेला ट्रॅक आहे, तो त्याहून थोडा लांब. ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, ते चौदाशेच्या घरात. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात, पण तिथे नाकासमोर पळायचं असतं, वळणाचा प्रश्न येत नाही. कोल्हापूरकरांनी कार्टिंगचा ट्रॅक उभारून निदान मुलांची सोय केली. मुंबईत चौरस फुटाचा भाव बघता असला ट्रॅक बांधायचं कुणी स्वप्नातही आणणार नाही.

तर रोजच्याच गाडीनं तिथे जायचं आणि त्याच गाडीला टायर निवडायचे, याचं गणित असं होतं. करीचा एक फेरा 2.1 किलोमीटरचा. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये साध्या हॅचबॅकचे बारा-तेरा फेरे होतात. दिवसाला चार सेशन धरली तर शंभरेक किलोमीटर. त्या शंभरासाठी जाऊन-येऊन अडीच हजार. ‘रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालेल असा टायर’ असं कुणी म्हणतं तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर निम्मं-निम्मं येतं. आपल्या वाट्याला शंभरातले चार ट्रॅकचे येतात. उरलेले शहाण्णव म्हणजे खंबाटकीचा घाट, कराडच्या पुलाखालचे डायव्हर्शन, निपाणी, हुबळी, दावणगेरे, तुमकुरू, सेलम. आणि त्याआधी मुंबईतून बाहेर पडायचं, ते वेगळंच.

एवढ्या लांब जायचंच कशाला, हा प्रश्न घरात दर वेळी निघतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. टायर सुटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला एक अशी जागा लागते जिथे सुटल्यावर समोर रिक्षा नसेल. रात्री दोन वाजता बीकेसीत किंवा वेस्टर्न एक्स्प्रेसवर जे चालतं त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 189 लागतं. 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तरीही पोरं थांबत नाहीत. ट्रॅकवर कायद्याची भीती नसते, पण विमाही नसतो. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्ट वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर ठोकलीत तर खर्च तुमचा. टायरवर पैसे घालताना हे वाक्य डोक्यात असावं.

या विषयात मुरलेले लोक तुम्हाला पहिल्याच वाक्यात सांगतात: चाकांचे दोन सेट ठेवा. एक रोजचा, एक ट्रॅकचा. सल्ला सोळा आणे खरा. ज्याच्या घरामागे गॅरेज आहे, गाडीमागे ट्रेलर आहे, आणि ट्रॅक तासाभरावर आहे, त्यानं दुसरा काही विचारच करू नये. आमच्याकडे मागच्या सीट पाडून चार चाकं गाडीत बसतात, पण मग माणूस एकच बसतो, आणि चोवीस तासांच्या रस्त्यावर दुसरा चालक लागतोच. घरी ठेवायची तर बाल्कनी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली तर सेक्रेटरींचं पत्र येतं. बाल्कनीत ऊन लागतं, आणि रबराला ऊन, ओझोन आणि नुसतं पडून राहणं, तिन्ही सोसत नाही. वर्षातून एक-दोनदा ट्रॅक बघणारा सेट झिजण्याआधी म्हातारा होतो. वर्षात चार-पाच वेळा जाणारे काही जण ट्रॅकजवळच्या एखाद्या गॅरेजवाल्याशी बोलून चाकं तिथेच ठेवतात. त्यांचा प्रश्न सुटला. बाकीच्यांना एकच सेट, आणि तोच जाताना, तिथे आणि येताना.

माझा मामा भांडुपच्या टायर कारखान्यात क्युरिंगला होता. भांडुप म्हटलं की आता लोकांना मॉल आठवतो, पण मामाचा कारखाना सिएटचा, आणि सिएट ही मुळात इटलीतल्या तुरिनची कंपनी, 1924ची, आणि 1958 साली ती मुंबईत आली. एलबीएस रोडवरून जाताना रबराचा तो जड वास लहानपणी नाकात बसला तो बसलाच. क्युरिंग म्हणजे कच्चा टायर, ज्याला ते लोक ग्रीन टायर म्हणतात, साच्यात घालून दीडशे अंशांच्या वर दहा-पंधरा मिनिटं शेकायचा. नक्षी तेव्हा उमटते आणि गंधक रबराला बांधून टाकतं. मामाला गाड्यांचं काही पडलेलं नाही. आयुष्यभर लोकलनं फिरला. पण टायरबद्दल त्याच्याइतकं नेमकं बोलणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

“अगं, रबर उड्या मारणारं असेल तर ते रस्त्याला धरणार नाही,” तो म्हणाला. “कणकेचा गोळा बोटानं दाब. बोट काढलंस तरी खळगा लगेच भरत नाही ना? तसं रबर लागतं. रस्त्याच्या खडीत शिरेल, आणि बाहेर यायला उशीर करेल.”

हा उशीर म्हणजेच पकड. रबर खडीच्या टोकांभोवती दबतं, पुढची बाजू जोरात ढकलते, मागची बाजू परतायला वेळ लावते, आणि त्या फरकातून गाडीला धरून ठेवणारी ओढ तयार होते. जी ऊर्जा परत मिळत नाही तिची उष्णता होते. म्हणून चिकट टायर तापतो, लवकर झिजतो, पेट्रोल जास्त खातो. यातलं एक घेऊन दुसरं टाळता येत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रबरात मिसळायच्या काजळीच्या जोडीला सिलिका आल्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाची बचत थोडीफार एकत्र नांदायला लागली, एवढंच.

किती चिकट आहे याचा अंदाज टायरच्या कडेवर लिहिलेल्या ट्रेडवेअरच्या आकड्यावरून करतात. ही अमेरिकी सरकारची पद्धत. तिथे टेक्सासातल्या ठरावीक रस्त्यावर गाड्यांचा ताफा हजारो किलोमीटर फिरवून टायर किती झिजला ते एका संदर्भ टायरशी ताडून पाहतात. संदर्भाचा आकडा 100. साध्या कौटुंबिक गाडीच्या टायरवर चारशे, पाचशे, त्याहून जास्त दिसेल. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट 4एसवर 300 आहे. योकोहामाच्या ॲडव्हान ए052वर 200, आणि हा दोनशेचा आकडा म्हणजे हौशी शर्यतींच्या जगातली वेसच आहे, कारण बऱ्याच स्पर्धांचे नियम ‘दोनशेच्या खाली नको’ असं सांगतात. मग कंपन्या काय करतात? जेवढं चिकट करता येईल तेवढं करतात आणि दोनशे छापतात. आकडा ज्याचा त्यानं जाहीर करायचा असल्यामुळे एकाचे दोनशे आणि दुसऱ्याचे दोनशे सारखे असतीलच असं नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो बरा. त्यापलीकडे त्याच्यावर फार भार टाकू नये.

त्याच्या शेजारी लिहिलेलं टेम्परेचरचं अक्षर आणि मापाच्या शेवटी येणारं वेगाचं अक्षर यांकडे लोक कमी बघतात. एच म्हणजे ताशी 210, व्ही म्हणजे 240, डब्ल्यू म्हणजे 270. ‘मला कुठे 240नं जायचंय’ असं म्हणून लोक खालचं अक्षर घेतात. अक्षर वेगाचं असलं तरी त्यातून कळतं ते टायर उष्णता किती झेलतो हे. ट्रॅकवर 130च्या वर न जाताही टायर जेवढा तापतो तेवढा समृद्धीवर 120नं तासभर जाऊन तापणार नाही, कारण तिथे तो सरळ फिरत असतो आणि इथे प्रत्येक वळणावर पिळला जातो.

खरेदीला मी कालिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाते. टायर, अलॉय, सीट कव्हर, हॉर्न, जे म्हणाल ते, आणि प्रत्येक दुकानाबाहेर फुटपाथवर जॅक लावलेली एक गाडी. तिथली विक्रीची भाषा एकच: “मॅडम, ये लगाओ, गाडी चिपक के चलेगी.” ट्रेडवेअर विचारलं तर माणूस वाकून टायरवर शोधायला लागतो, आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही, त्याच्याकडे येणाऱ्यांना ‘किती किलोमीटर चालेल’ एवढंच हवं असतं. पण खरी अडचण दुकानात नाही. जून 2020मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात मोकळ्या यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येईना. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह त्याच्या कितीतरी आधीपासून सक्तीचं होतं. त्यामुळे परदेशी माणूस ज्या दहा टायरमधून निवडतो त्यांतले सात-आठ आपल्या मापात इथे मिळतच नाहीत. महागड्या जर्मन गाड्यांच्या 18-19 इंची मापांत निवड बरी आहे. 16 इंची हॅचबॅकवाल्यानं आधी काय मिळतंय ते बघायचं आणि मग आवड ठरवायची. म्हणून ब्रँडवरून होणारे वाद मला थोडे पोकळ वाटतात. तुमच्या मापात, या महिन्यात, ताजा माल कोणाचा आहे, हा प्रश्न आधी.

ताजा म्हणजे खरोखर ताजा. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. 2324 असेल तर 2024च्या तेविसाव्या आठवड्यातला. कमी खपाचा टायर गोदामात पडून राहतो, आणि परफॉर्मन्स टायर आपल्याकडे कमी खपाचाच. चारही चाकांचे आकडे बघावेत. दुकानदार थोडा चिडतो. चिडू द्यावं.

आता मापाचं. माझ्या गाडीला 195/55 आर16 येतो. 195 मिलिमीटर रुंदी, आणि बाजूची उंची तिच्या 55 टक्के, म्हणजे 107 मिलिमीटर. सीएसटी रोडवर पहिला सल्ला मिळतो तो 17 इंची अलॉय आणि 215/45चा. त्यात बाजूची उंची 97 वर येते. दहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण रिम आणि पेव्हर ब्लॉकच्या उखडलेल्या कडेच्या मध्ये असतं ते एवढंच रबर आणि हवा. मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, काँक्रीटीकरणात अर्धा रस्ता वर आणि अर्धा खाली अशी राहिलेली पायरी, पावसानं झाकलेले खड्डे: या सगळ्याला बुटका टायर फार वाईट तोंड देतो. खड्ड्यात रिम आणि कडा यांच्यामध्ये बाजूची भिंत चिमटली जाते, आतले पॉलिएस्टरचे दोरे तुटतात, आणि दोन दिवसांनी तिथे फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. त्यावर ‘बघू, अजून महिनाभर चालेल’ म्हणणारे भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या गाडीत बसून खंबाटकी उतरायची माझी तयारी नाही.

रुंदी थोडी वाढवायची हौस असेल तर त्याच रिमवर 205/50 आर16 बसतो. पूर्ण चाकाचा व्यास साडेनऊ मिलिमीटरनं घटतो, दीड टक्क्याचा फरक, स्पीडोमीटर तेवढं जास्त दाखवतो आणि गाडी पाच मिलिमीटर खाली येते. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर कुणी कुठल्या रागातून बांधलाय कळत नाही, पण त्याला हे पाच मिलिमीटर कळतात. मी कंपनीचंच माप ठेवलं. रुंद टायरनं पकड वाढते ती लोक समजतात तेवढी नाही. ढोबळ हिशोब करा: माणसासकट गाडी अकराशे किलो, एका चाकावर पावणेतीनशे, हवा 32 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. रस्त्याला टेकलेला भाग झाला 120 चौरस सेंटिमीटरच्या आसपास. टायर रुंद केला तरी वजन तेच आणि हवा तीच, म्हणजे क्षेत्रफळ साधारण तेच. फक्त त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. वळणावर त्याचा फायदा आहेच. पण रबर बदलण्याचा फायदा त्याहून मोठा, आणि रबर बदलायला रिम बदलावी लागत नाही.

परदेशातले लेख वाचताना एक भीती सतत दिसते: उन्हाळी परफॉर्मन्स टायर सात अंशांच्या खाली दगड होतो. मुंबईकरानं हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. आपल्याकडे त्या जागी पाऊस लिहायला हवा.

चिकट टायरच्या नक्षीत खाचा कमी असतात, उथळही असतात, कारण जेवढे ठोकळे उंच तेवढे ते वळणावर वाकतात, तापतात आणि त्यांचे लचके निघतात. कोरड्या ट्रॅकवर हे उत्तम. ऑगस्टमध्ये सायन-पनवेलवर पाणी साचलेलं असताना याच खाचांमधून ते पाणी बाहेर जायचं असतं. नासाच्या संशोधकांनी 1960च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सोपं सूत्र दिलं होतं. हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढून 10.35नं गुणलं की येणारा ताशी मैलांचा आकडा म्हणजे तो वेग, ज्याला साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो. 32 पीएसआयला हा वेग येतो ताशी 94 किलोमीटर. गुळगुळीत टायर किंवा खाचा भरून जातील एवढं पाणी असं धरलेला हा हिशोब आहे, चांगली नक्षी असेल तर थोडी सवलत मिळते. पण हवा 26वर आणली की तोच वेग 85वर येतो. ट्रॅकवाले दिवसभर हवा काढत असतात. संध्याकाळी दमून, आनंदात, ती न भरताच परतीला लागलेली गाडी वाटेत पावसात सापडली तर काय, ते सूत्र सांगतंच. डिकीत 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि स्वतःचं प्रेशर गेज असावं. पेट्रोल पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

हवा काढावी का लागते? बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. सकाळी 30 अंशांना 30 पीएसआय भरलेला टायर आतली हवा 75 अंशांवर गेली की साडेछत्तीस दाखवतो. म्हणजे दर दहा अंशांना दीड पीएसआय. दाब फार वाढला की टायर मधोमध फुगतो, कडा उचलल्या जातात, आणि आधीच छोटा असलेला तो 120 चौरस सेंटिमीटरचा तुकडा आणखी आक्रसतो. नायट्रोजन भरलं की हे होत नाही असं पंपावर सांगतात. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. कोरडा वायू असेल तर दाब किती वाढेल याचा अंदाज जरा नेमका येतो, इतकाच काय तो फरक, आणि आपल्यासारख्या हौशींना तो कळायचाही नाही.

किती हवा काढायची हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. खडू सापडतो. टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूनं आडव्या रेघा मारायच्या आणि सेशन करून यायचं. खडू भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर टायर कडेवर लोळतोय, हवा कमी आहे. खांद्यालाही लागला नसेल तर जास्त आहे. बऱ्याच टायरवर त्या जागी एक छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसला गेला की बरं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढची जोडी आधी मरते, आणि उजवी वळणं जास्त असतील तर डावं चाक सगळ्यात आधी. सेशन संपल्यावर एक फेरा हळू मारून यायचं आणि उभी केल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, कारण डिस्क तापलेल्या असतात. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट लावायची.

ब्रेकचं एवढ्यासाठी सांगितलं की टायर चिकट झाले की ब्रेकवर जास्त काम पडतं. डॉट 4 ब्रेक ऑइल नवं असताना 230 अंशांना उकळतं आणि त्यात ओल मुरली की 155 पर्यंतही उतरू शकतं. मुंबईच्या हवेत ओल किती ते सांगायला नको. टायरच्या बजेटमधून थोडे पैसे काढून आधी ऑइल बदलावं.

आता माझं मत, जे ट्रॅकवर भेटणाऱ्या पोरांना अजिबात पटत नाही. पहिल्यांदा जाताना चिकट टायर घेऊच नये. गाडीबरोबर आलेल्या साध्या टायरवर जावं. साधा टायर वळणावर आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग हळूहळू सरकायला लागतो. या तिन्हींच्या मध्ये पाय उचलायला भरपूर वेळ असतो. दोनशेवाला टायर बराच वेळ गप्प धरून ठेवतो, आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो, तेही जास्त वेगाला. नवख्या माणसाच्या फेऱ्याची वेळ त्यानं कमी होते, हे खरं. पण ती वेळ टायरची असते. माझ्याबरोबर येणारा मित्र, जो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला चालवतो, मला म्हणाला होता की तुझी लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायचा मार्ग, चुकते ती टायर झाकून टाकेल आणि तुला वाटेल तू शिकलीस. रागच आला होता. साध्या टायरवर लाइन चुकली की पुढचं टोक बाहेर वाहत जातं, आणि टायरच्या किंकाळीनं पिट्सला, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या असतात तिथल्या सगळ्यांना, कळतं की कुणीतरी वळणात फार लवकर घुसलं.

साधा टायर मात्र दिवसभर मार खाऊ शकत नाही. चौथ्या-पाचव्या फेऱ्यानंतर तो चिकटपणा सोडून तेलकट वाटायला लागतो, खांद्यावरचे ठोकळे चुरतात. म्हणून थोडं शिकून झाल्यावर पुढची पायरी, आणि मुंबईच्या माणसासाठी माझ्या मते शेवटचीही: तीनशेच्या आसपास ट्रेडवेअर, खोल उभ्या खाचा, असिमेट्रिक नक्षी. यात बाहेरच्या बाजूचे ठोकळे मोठे आणि घट्ट असतात, वळणाचा भार घ्यायला. आतल्या बाजूला पाण्यासाठी वाटा असतात. हा टायर ट्रॅकवर फेऱ्यामागे दोन-तीन सेकंद हरतो. साताऱ्याच्या पुढे सरींमध्ये मात्र तो रस्ता सोडत नाही, आणि मुलुंड चेकनाक्याच्या खड्ड्यात बाजूची भिंत शाबूत ठेवतो. दोन-तीन सेकंद कुणाला महत्त्वाचे असतील तर असोत. माझ्या फेऱ्यांमध्ये तेवढा फरक मी नाश्ता केला की नाही यावरही पडतो.

एक अट मी कडकपणे पाळते. रस्त्यावर पंक्चर काढून पट्टी भरलेला टायर ट्रॅकवर न्यायचा नाही. नाक्यावरचा पंक्चरवाला पाच मिनिटांत पट्टी ठोकतो आणि रोजच्या वापराला ती वर्षानुवर्षं टिकते, पण तापून पिळल्या जाणाऱ्या टायरमध्ये ती पट्टी कशी वागेल याची पैज लावण्यात अर्थ नाही. पट्टीवाले टायर घरीच. आणि 1.6 मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत टायर कायद्यानं चालतो, याचा अर्थ तो जून उजाडेपर्यंत ठेवावा असा होत नाही. मामा तर तीनच्या खाली गेलेल्या टायरला सरळ गोटा म्हणतो आणि विषय संपवतो.

स्टेपनीचं कोडं अजून सुटलेलं नाही. माझ्या गाडीत कंपनीनं दिलेली स्टेपनी 185/60 आर15 आहे, व्यासानं 18 मिलिमीटर लहान, आणि तिच्यावर ताशी 80चं स्टिकर. हे चाक पुढे, इंजिन ओढतं त्या ॲक्सलवर लावून लांब जायचं नाही, कारण डावं-उजवं सतत वेगवेगळं फिरत राहतं आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जुळणी, राबत बसतं. त्यामुळे पुढचा टायर गेला तर दोन चाकांचं काम: आधी मागचं चांगलं चाक काढून तिथे स्टेपनी, मग ते काढलेलं चाक पुढे. जॅक एकच असतो म्हणून हा क्रम. आणि चित्रदुर्गाजवळ गेला तर तिथून मुंबईपर्यंतचे सात-आठशे किलोमीटर 80नं. मामाचं म्हणणं, पाचवाही तसाच टायर घे आणि दर पाच हजार किलोमीटरला पाचही फिरवत राहा, म्हणजे सगळे एकदमच झिजतील. पैशांचं सोडा, आधी डिकीतल्या त्या खळग्यात 16 इंची चाक बसतं का ते टेप घेऊन मोजायला हवं. बसलं तर सीएसटी रोडला पाचाचा भाव विचारते.